भोरकडची देशी झाडांची नर्सरी, जायच्या आधी हे वाचून जा

पाचपैकी चार स्टार. झाडांसाठी पाच, माहितीसाठी पाच, आणि गिऱ्हाईकाला वागवण्यासाठी खरं तर दोन-अडीचच, पण सगळं धरून चार ठीक वाटतात. नाव टाकत नाहीये, मालकांनीच बजावलंय. मागे कुणीतरी रील टाकलं आणि पुढच्या रविवारी पुण्याहून गाड्यांची रांग लागली, लोकांनी वाफ्यात उभं राहून फोटो काढले आणि घेतलं काय तर दोन गुलाब. भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, नीरा-देवघरचं पाणी दिसायच्या बरंच आधी, आत वळावं लागतं. चहाच्या टपरीवर 'जंगली झाडंवाले काका' विचारलंत की सांगतात. ज्याला खरंच जायचंय त्याला एवढं पुरे.

आधी हे सांगतो की गेल्या गेल्या निराशा होते. गेटपाशी अरेका पाम, ड्युरांटा, रंगीत जास्वंद, कुंडीतली शोची झाडं, म्हणजे हायवेवरच्या कुठल्याही नर्सरीत असतं तेच. मी म्हणलं काका हे काय, तुमच्याकडे सगळं देशी असतं ऐकलं होतं. तर म्हणाले, "पुढं हाय ते पोटाचं, मागं हाय ते आवडीचं. वारसाचं रोप वर्साला चार जातात, त्याच्यावर दोन मान्सांचा पगार निघतो व्हय?" (वारस हे रानातल्या झाडाचं नाव.) मुद्दा बरोबर आहे. आपण देशी झाडं देशी झाडं म्हणून स्टेटस टाकतो पण पैसे द्यायची वेळ आली की पटकन वाढणारं आणि वर्षभर फुलणारंच मागतो, मग नर्सरीवाल्यानं काय करावं.

मागे गेलात की मात्र वेगळाच प्रकार आहे. साधारण दोन एकर असेल, वरती आंब्याची नि जांभळाची सावली, खाली काळ्या पिशव्यांच्या रांगा. हिरडा, बेहडा, शिवण, कुंभा, वावळ, मेडशिंगी, टेटू, पांगारा, काटेसावर, कौशी, भोकर, ताम्हण, मोह, पुत्रंजीवा, उंबराच्या जातीतलं नांद्रुक आणि पायर, ही नुसती मला आठवतायत ती. झुडपांमध्ये धायटी, मुरुडशेंग, दिंडा, कुडा, अंजन, निळी कोरांटी. वेलींमध्ये कुसर म्हणजे आपली रानजाई, कळलावी, ईश्वरी. पुण्यात एका जागी एवढं बघायला मिळत नाही, मिळालं तर कुठल्यातरी संस्थेच्या आवारात पाटी लावून, विकायला नाही.

आणि इथं रोप मागितलं की लगेच मिळत नाही. आधी उलटतपासणी होते. जागा कुठं, पाऊस किती, मुरूम आहे का काळी माती, वरून वायर जाते का, भिंत किती लांब, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार. मी सासऱ्यांच्या वेल्ह्याकडच्या जमिनीसाठी गेलो होतो, थोडी उताराची जागा, खालून ओढा जातो. मोबाईलमध्ये फोटो होते म्हणून वाचलो. माझ्या पुढे एक जोडपं होतं त्यांना बाल्कनीसाठी कारवी हवी होती, कुठंतरी वाचलेलं की सात वर्षांनी फुलते म्हणून भारी वाटतं. काकांनी सरळ सांगितलं की ती डोंगर उतारावर रानच्या रान करून राहणारी, सात वर्षं नुसती पानं वाढवते, मग एकदम सगळीकडे फुलते, बी टाकते आणि मरते, कुंडीत एकटी काय करणार. बाईंचा चेहरा पडला. पण मग त्यांनाच कुड्याचं एक रोप हातात दिलं, म्हणाले हे न्या, मे महिन्यात पांढरी फुलं येतील, वास असा की शेजारचे विचारायला येतील. ते जोडपं खुश होऊन गेलं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते म्हणजे बी कुठून आणलं हे त्यांना प्रत्येक रोपाचं माहिती आहे. ही वही दाखवली त्यांनी, शाळेची लांब वही, त्यात झाडाचं नाव, कुठल्या गावच्या देवराईतलं किंवा बांधावरचं, कधी बी गोळा केलं, कधी पेरलं. एकाच झाडाखालचं सगळं बी उचलत नाहीत, चार-पाच वेगवेगळ्या झाडांचं मिसळतात, नाहीतर पुढची सगळी पिढी एकाच आईची होते. मोहाचं बी तर ठेवताच येत नाही, पडल्यापासून काही आठवड्यांत त्याची ताकद जाते, त्यामुळं ते पावसाच्या तोंडावर गोळा करून लगेच पिशवीत. बहाव्याचं उलटं, ते वर्षभर ठेवलं तरी चालतं पण कवच इतकं टणक की घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात टाकल्याशिवाय उगवायचं नावच घेत नाही. आपल्याकडे जूनमध्ये सीडबॉल फेकायची जी साथ येते ना, त्यात हे कुणी बघतं का? बहावा न घासता, मोह गेल्या वर्षीचा, सगळं एकाच चिखलात गोळा करून गाडीतून डोंगरावर भिरकवायचं आणि फोटो काढायचा. असो.

सीता अशोकाबद्दल वेगळं लिहितो कारण इथं भरपूर लोक फसतात. मी मागे एका ऑनलाइन साइटवरून मागवलेला, नाव टाकत नाही, बॉक्स उघडला तर आत खोटा अशोक, तो सरळसोट उंच जाणारा, बंगल्यांच्या कंपाउंडला असतो तो. ओळखायचं सोपं आहे. खोट्याचं पान एकेकटं, लांबट, कडा लाटांसारख्या. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पानांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबत असते, नवीन माणसाला वाटेल झाड पाण्याविना मान टाकतंय. परत पाठवला, पैसे मिळाले पण कस्टमर केअरवाल्या मुलीचं म्हणणं होतं की सर अशोक ऑर्डर केलात अशोकच आलाय. तर हे झाड रानात आता खूप कमी राहिलंय, जागतिक यादीत धोक्यातलं म्हणून नोंद आहे, कारण साल औषधाला जाते आणि साल काढायची म्हणजे झाड सोलायचं. आणि बाजारात त्या सालीच्या नावाखाली खोट्या अशोकाची सालही खपवतात, म्हणजे फसवणूक रोपापासून औषधापर्यंत सगळीकडे. इथं मला गुडघ्याएवढं रोप १५० रुपयांना मिळालं, सोबत ताकीद की पहिली काही वर्षं सावली पाहिजे, ओलावा पाहिजे, टेरेसवर भर उन्हात ठेवून मला फोन करायचा नाही.

कोकमाचंही तसंच. बियांपासून केलेलं कोकम घेतलं तर नर निघणार की मादी हे झाड फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि फुलावर यायला वर्षं जातात. साधारण निम्मी नर निघतात, त्यांना फळ नाही. म्हणून लोक दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता'सारखी कलमं घेतात, फळाची खात्री. काकांकडे दोन्ही आहेत आणि त्यांनी विचारलं, आमसुलं करायची का रान करायचं? रान करायचं असेल तर बियांची चार-पाच एकत्र न्या, नर लागतातच, आणि प्रत्येक झाड वेगळं असतं. कलमं सगळी एकाच झाडाची नक्कल. मी मिश्र नेली. घरी बायको म्हणाली फळ कधी मिळणार, तर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ज्याच्यासाठी खास जावं ते. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली थोड्या कुंड्या आहेत, त्या विकायला नाहीत. तिथं कंदीलपुष्पाचे वेल आहेत, सेरोपेजिया. सह्याद्रीत याच्या बऱ्याच जाती फक्त इथल्याच आहेत, जगात दुसरीकडे कुठंही नाहीत, आणि त्यातल्या काही एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्या उरल्यात. मी गेलो तेव्हा श्रावण होता, एकाला फूल होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं असेल, खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकत्र जुळून कंदिलाचा पिंजरा झालेला. काकांनी टॉर्च मारून नळीच्या आतले केस दाखवले, सगळे खालच्या दिशेला वळलेले. बारीक माशी वासानं आत शिरते, केसांमुळं वर येता येत नाही, खालच्या फुगीर खोलीत अडकते, तिथं परागांच्या पिशव्या तिला चिकटतात, मग केस सुकून गळतात आणि माशी सुटते आणि जाते दुसऱ्या फुलात अडकायला. ते बघताना मी अर्धा तास तिथंच उकिडवा बसलो होतो, पाय मुंग्या येऊन बधिर.

हे वेल कमी का झाले याचं कारण मातीत आहे. याचे कंद खाता येतात, डोंगरातली पोरं आणि गुराखी उकरून खातात, त्यांचं काही चुकतंय असं नाही, पिढ्यानपिढ्या खातायत आणि तेवढ्यानं काही संपत नव्हतं. पण वर रस्ते झाले, प्लॉटिंग झालं, फेब्रुवारी-मार्चला वणवे लागतात ते वेगळंच, आणि उरलेल्या जागेतले कंदही निघाले तर राहणार काय. काका शिंगांसारख्या जोडशेंगा पिकायच्या आधी त्यांना जुन्या साडीच्या कापडाची पुरचुंडी बांधतात, कारण शेंग उकलली की बिया रेशमासारख्या शेपट्या घेऊन वाऱ्यावर जातात, हाती काही लागत नाही. असं बी धरून रोपं करतात आणि ज्या बांधावरून आणलं तिथंच परत लावतात. मी म्हणलं एक द्या ना, वाटेल तेवढे पैसे घ्या. "इकायला न्हाय," एवढंच. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी या कंदीलपुष्पांवर मोठं काम केलंय, तिथल्या वनस्पती उद्यानात ही मंडळी जपून ठेवलीत, ज्यांना वाचायला आवडतं त्यांनी शोधा.

विकत मिळतं ते शिंदळ माकुडी. हे मला इथं मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मांसल झाड, कड्याच्या कपारीत लोंबतं, शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांवर. डाल्झेल नावाच्या इंग्रज काळातल्या वनस्पतीतज्ज्ञानं तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावावरून याला फ्रेरिया हे नाव दिलं. फूल चांदणीसारखं, गडद लालसर तपकिरी, वर पिवळे ठिपके. याच्या जवळच्या नात्यातल्या बाकी झाडांना नुसते हिरवे खोड, पानं जवळजवळ नाहीतच, ह्याला मात्र व्यवस्थित पानं. गंमत म्हणजे रानात इतकं दुर्मिळ पण कुंडीत बिनतक्रार वाढतं, फांदी तोडा, चीक सुकू द्या, खडकाळ मुरमात खोचा. त्यामुळं जगभरचे कॅक्टस जमवणारे ते हौसेनं वाढवतात आणि आपल्या इथल्या माणसाला नाव माहिती नसतं. काकांकडची सगळी रोपं कुंडीतल्या जुन्या झाडाच्या फांद्यांची, कड्यावरून ओरबाडलेली नाहीत. हे मी मुद्दाम विचारलं आणि तुम्हीही कुठंही विचारा, कारण घाटात रस्त्याकडेला झाडावरून सोलून काढलेली ऑर्किडं दोरीला बांधून विकतात ती बघितलीयेत मी, सीतेची वेणी शंभर रुपयाला, मुळं तुटलेली, घरी जाऊन दोन महिन्यांत मरणार हे नक्की. घेऊ नका. कीव येऊन सुद्धा घेऊ नका, आपण घेतली की तो उद्या अजून चार सोलून आणतो. माकुडीची छोटी कुंडी १०० रुपये. उन्हाळ्यात सगळी पानं गाळते, मेली म्हणून फेकू नका.

मी तिथं असतानाच एका कंपनीचा ग्रुप आला, टी-शर्ट एकसारखे, पाचशे रोपं हवी होती, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वृक्षारोपण. काका म्हणाले सड्यावरसाठी देणार नाही. ते म्हणाले का, पैसे ऑनलाइन आत्ता टाकतो. मग काकांनी जे सुनावलं ते सगळं इथं लिहीत नाही पण मुद्दा असा होता की सडा ओसाड नसतो. वर चार बोटं माती, खाली अखंड कातळ, आठ महिने वाळलेलं दिसतं म्हणून लोकांना वाटतं इथं काहीच नाही. पण पावसात त्याच चार बोटांत सीतेची आसवं, दवबिंदू, कवला, सोनकी, नाना जातींची गवतं, कंद, हे सगळं उगवतं, फुलतं, बी टाकून झोपी जातं. त्यांना झाडाची सावलीच नको असते. कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला तो असल्याच सड्यासाठी, तिथं कुणी वडाची झाडं लावा म्हणतं का? "खड्डा घेनार म्हंजे पहार लावून कातळ फोडनार. झाड पहिल्या उन्हाळ्यात मरतंय, आन उकरलेल्या मातीत रानमोडी माजती." वर त्यांना पर्यायही दिला, खाली ओढ्याकाठी लावा, वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ देतो, शंभर बास झाली, पण तीन उन्हाळे पाणी घालणार असाल तर. त्यांच्या मॅनेजरला पाचशेचाच आकडा हवा होता. निघून गेले. हजारोंचं गिऱ्हाईक गेलं आणि काका परत पिशव्या भरायला बसले. काकू आतून म्हणाल्या, "घालवलंत?" "व्हय."

रानमोडी म्हणजे बाहेरून येऊन माजलेलं तण, त्यावरून आठवलं, तिथं जाताना घाटात रिसॉर्टांच्या गेटवर पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे ताटवे दिसतील. मूळ मेक्सिकोचं. दिसतं सुंदर, पण बी डोंगरावर पसरतं आणि ज्या जागी सोनकी-तेरडा यायचा ती जागा खातं. पुण्याच्या टेकड्यांवर लोक त्यातच उभं राहून 'रानफुलं' म्हणून फोटो टाकतात. काकांनी ते विकायला ठेवलेलं नाही, ड्युरांटा चालतो त्यांना, कॉसमॉस नाही, हा फरक मला आवडला.

आता तक्रारी. एक, फोन उचलत नाहीत. अजिबात. व्हॉट्सअ‍ॅपला दोन दिवसांनी अंगठा येतो, त्याचा अर्थ आहे की नाही की बघतो हे आपलं आपण ठरवायचं. दोन, किमतीची पाटी नाही, काका असले तर एक भाव आणि मदतनीस पोरगा असला तर दुसरा, मला धायटीचं रोप एकदा ४० ला आणि नंतर ६० ला मिळालं, पिशवी तीच. तीन, ही जास्त गंभीर आहे, पिशव्यांवर नावं मार्करनं लिहिलेली असतात आणि पावसात धुऊन जातात. पोरग्याला पानावरून ओळखता येत नाही. मला वारस म्हणून दिलेलं रोप घरी आल्यावर काहीतरी वेगळं वाटतंय, पान बघून मेडशिंगी असावी. मेडशिंगी पण चांगलंच झाड आहे म्हणून काही बोललो नाही, पण ज्या माणसाची वही एवढी चोख त्याच्या पिशवीवर नाव नसावं हे पटत नाही. पत्र्याचे तुकडे खिळ्यानं कोरून तारेनं बांधले तरी काम होईल.

चौथं म्हणजे जुना माल. मागच्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षं पिशवीतच राहिलेली रोपं आहेत, उंच दिसतात म्हणून हात जातो, पण त्यांची मुळं पिशवीत गोल गोल फिरून दोरखंड झालेली असतात. असलं झाड जमिनीत लावलं तरी मुळं बाहेर जात नाहीत, वर्षानुवर्षं हलत राहतं आणि एखाद्या वादळात आडवं होतं. पिशवीच्या तळाशी बोट लावून बघा, जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलं असेल तर सोडा. लहान आणि ताजं घ्या. काका स्वतः हेच सांगतात, फक्त विचारावं लागतं. पळसाचं रोप वीतभर दिसलं तर हिरमुसू नका, ते आधी खाली जातं, वरती दाखवायला त्याला वेळ लागतो.

फुलपाखरांसाठी झाडं हवी असतील तर स्पष्ट सांगा, वेगळी रांग आहे, ईश्वरी, पानफुटी, लिंबाच्या जातीतली रोपं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या पानांवर अंडी घालतं. पण अळ्या पानं खाणार, तेच तर त्यांचं काम, तेव्हा पानं खाल्ली म्हणून रोप परत आणायचं नाही, असं मला काकूंनी बजावलं. बहुतेक कुणीतरी आणलं असणार.

जायचं तर जून ते ऑगस्ट, रोपं ताजी असतात आणि लावायलाही तोच काळ. वीकडेला जा. कॅश न्या, नेटवर्क नाही, स्कॅनर लावलेला आहे पण तो शोभेचा. डिकीत टाकायला जुने क्रेट न्या, पॅकिंग मिळत नाही, सुतळी मिळते. चप्पल नको, बूट घाला, जळवा नसतात पण चिखल भरपूर. आणि दुपारी एक ते तीन काका झोपतात, त्या वेळात गेलात तर पोरगा भेटेल आणि मग तुमचं नशीब.